भिंतीतला जमाखर्च

गेल्या उन्हाळ्यात बेळगावच्या आमच्या घराची मागची भिंत उतरवताना गवंड्याला एक बुजवलेला कोनाडा लागला. आत पत्र्याचा डबा. डब्यात वडिलांची मोडीतली वही, सुताराच्या काही कानडी पावत्या आणि चार भोकाचे पैसे. सोनं नाही म्हणून नातवंडं हिरमुसली. मी मात्र त्या वहीच्या मागे लागलो.

घर कोणत्या साली बांधलं, हे आमच्यात कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ मधला. पण जुनी नाणी घरात पडून राहतातच, त्यावरून काय ठरणार? वहीनेच साक्ष दिली. आधीची वर्षभराची पानं रुपये-आणे-पैची, शेवटची नव्या पैशांची. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ला. म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हा आमच्या भिंती चढत होत्या.

मोडी वाचून दिली ओळखीतल्या एका निवृत्त कारकुनांनी. दर महिन्याला जमेच्या बाजूस 'ता' आणि पुढे पंधरा रुपये. 'तारीख असेल,' ते म्हणाले. पण तारखेचा आकडा कुठंच नव्हता.

उलगडा केला शेजारच्या कानडी मास्तरीणबाईंनी. पावत्या वाचता वाचता त्या थांबल्या. 'अहो, यात अक्कनवरिंद लिहिलंय. थोरल्या बहिणीकडून पैसे पोचले म्हणे.' पावत्यांवर साल नव्हतं, नुसते महिने. पण महिन्यागणिक पंधराला पंधरा जुळले. 'ता' म्हणजे ताई! वडिलांची थोरली बहीण, आमची आत्या.

तरुणपणीच विधवा झालेली आत्या मुलींना शिवण शिकवी आणि मागच्या खोलीत राही. 'तिला आपण आसरा दिला,' असंच घरात बोललं जाई. पंगत उठल्यावर ती जेवायची, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. वडिलांनी हिशेब चोख लिहिला, पण तोंडाने कधी सांगितला नाही. आत्याही बोलली नाही.

डबा भिंतीत कुणी ठेवला, हे सांगायला आता दोघंही नाहीत. दारावर वडिलांच्या नावाची पाटी लावायचं मुलांनी ठरवलं होतं. आता दोन नावं लागतील, आत्याचं वर. पाटी मराठीत असेल आणि कानडीतही. तिची साक्ष शेवटी त्याच भाषेनं दिली.