पाचवं बोट

मे संपत आला की आंबोलीत ऑइल पेंटचा वास सुटतो. गेट, खिडक्यांचे गज, पत्र्याखालचे लोखंडी पाइप, सगळ्यांना पावसाआधी एक हात मारून घ्यायचा असतो. वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो तिथे गंजाला निमंत्रण लागत नाही. यंदा शेजारी गेट रंगवत होते. मी टेबलाशी बसून एका जुन्या धाटणीच्या कार्टून पात्राचा डावा हात काढत होते, खोडत होते, पुन्हा काढत होते. टर्पेंटाइन मिसळलेल्या रंगाचा तो वास खिडकीतून आत आला आणि पेन्सिल थांबली. बालवाडीची भिंत आठवली. त्या भिंतीवरचा पाच बोटांचा मिकी माऊस आठवला.

तो काढला होता पेंटरमामांनी. मामा कुडाळच्या बाजूचे, घाट चढून यायचे. ट्रकचे नंबर, दुकानांच्या पाट्या, देवळाच्या भिंतीवरचे द्वारपाल, निवडणुकीतली सगळ्या पक्षांची चिन्हं, सगळं एकाच पत्र्याच्या डब्यातल्या ब्रशांनी. छत्री शर्टाच्या कॉलरला मागे अडकवलेली. चालताना ती पाठीवर डाव्या-उजव्या बाजूला झुलायची आणि मामा बरोबर तिच्या उलट झुलायचे. बालवाडीची भिंत दर पावसाळ्यात शेवाळायची, म्हणून दर मे महिन्यात नवी. त्या वर्षी कुणीतरी म्हणालं, मिकी माऊस काढा. मामांनी मिकी पाहिलेला नव्हता. माझ्या कंपासपेटीच्या झाकणावर होता. ते झाकण समोर धरून उभं राहणं, हे माझं काम.

हाताशी आल्यावर मी सांगितलं, "मामा, चारच बोटां आसत."

मामांनी झाकण हातात घेऊन मोजली. मग म्हणाले, "कंपनीवाल्यान एक खाल्ल्यान. आपण पुरी करूया." आणि पाचवं बोट काढलं. पांढऱ्या मोज्यांपाशी पुन्हा थांबले. "उंदराक हातमोजे कित्याक गो बाय? हय माणसांका गावनत नाय." मोजे गेले. हात गव्हाळ झाले.

पन्नाशीत मी हीच चित्रं शिकायला बसले आहे. १९२०-३० च्या दशकांतल्या अमेरिकन कार्टूनपटांतली ती मंडळी : पेरूसारखं गोल डोकं, कोपर-गुडघ्याशिवायचे गोल वळणारे हातपाय, पावासारखे फुगीर बूट, आणि काळ्या बुबुळातून एक त्रिकोणी फाक कापलेले डोळे. पाहायला पोरकट. काढायला बसलं की घाम फुटतो. हाताला कोपर नसलं तरी त्याची लांबी प्रत्येक चित्रात तीच राहावी लागते, नाहीतर तो वळत नाही, ताणला जातो. जाडी खांद्यापासून मनगटापर्यंत सारखी. वजन सगळं बुटांत. डोळ्यातली ती फाक नीट बसली तर पात्र पाहतं, ती जरा चुकली की पात्र कुठेच पाहत नाही. आणि रेघ ब्रशने, खांद्यातून, एका दमात. मनगटातून काढलेली रेघ थरथरते, आणि थरथरलेल्या रेघेचं पात्र आजारी दिसतं.

शिकता शिकता मामांच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. १९२८ च्या नोव्हेंबरात 'स्टीमबोट विली' पडद्यावर आला तेव्हा मिकीच्या हातात मोजे नव्हतेच. अंग काळं, हात काळे. हात छातीसमोर आला की दिसेनासा व्हायचा. १९२९ च्या 'द ऑप्री हाउस'मध्ये पांढरे मोजे आले ते हात दिसावेत म्हणून. बोटाचा हिशेबही असाच रोखठोक आहे. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात, एक चित्र दोन चौकटी धरून ठेवलं तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात. सात मिनिटांच्या पटाला पाच हजारांहून जास्त. दोन हातांचं एकेक बोट कमी केलं की एका पात्रामागे दहा हजार बोटं काढायची वाचतात. पाच बोटं त्या चिमुकल्या हातावर केळ्याच्या फणीगत दाटीही करतात, ते वेगळंच. कोपर गेलं तेही हातांच्या कष्टापायी. मिकीची पहिली चित्रं हाताने उतरवणारा अब आयवर्क्स 'प्लेन क्रेझी'च्या वेळी दिवसाला ७०० पर्यंत चित्रं काढायचा असं सांगतात. अशा माणसाला कोपर परवडत नाही.

म्हणजे कंपनीवाल्याने बोट खाल्लं होतं, हे मामांचं म्हणणं खरंच होतं.

आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं? फाळक्यांनी १९१५ सालीच 'आगकाड्यांची मौज' करून काड्या पडद्यावर नाचवल्या होत्या. 'प्रभात'ने १९३४ साली 'जंबूकाका' नावाचा कार्टूनपट काढला. हे सगळं पुण्या-नाशकाकडचं, आंबोलीशी त्याचा संबंध नाही, मामांशी तर नाहीच. पण सावंतवाडी संस्थानाच्या मुलखात, पिंगुळीला, त्याच्या कितीतरी आधीपासून ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी सांगत आले आहेत. रामायण-महाभारतातला एकेक प्रसंग एकेका सुट्या कागदावर रंगवायचा, दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवायचे आणि गात गात एकामागून एक पुढे करायचे. ही कला टिकवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथीतली माणसं पाहिली तेव्हा मी दचकले. तो मोठा, पसरलेला, थेट बघणारा डोळा मी लहानपणी रोज बघत होते. बालवाडीच्या मिकीला मामांनी फाक कापलेला डोळा दिलाच नव्हता. हा डोळा दिला होता. कुठून उचलला हे त्यांना विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही आणि आता मामा नाहीत.

आंबोलीहून तीन रस्ते फुटतात. खाली सावंतवाडी आणि पुढे गोवा, पूर्वेला बेळगाव, आणि आजरा-गडहिंग्लजवरून कोल्हापूर. नकाशा समोर ठेवला की मजा वाटते, तिन्ही रस्त्यांवर चित्रकार सापडतात. गोव्याच्या रस्त्यावर मडगावला जन्मलेले दीनानाथ दलाल, आणि लोटलीच्या घरात बसून अख्खा गोवा रेघांत कोंबणारे मारियो मिरांडा. बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचे शि. द. फडणीस, ज्यांच्या चित्रांना खाली ओळ लागत नाही. कोल्हापूरचे वसंत सरवटे, शिक्षणाने आणि नोकरीने सिव्हिल इंजिनिअर. सरवट्यांची माणसं नीट पाहा. बिनखांद्याची, लांबट, कुठेही कमरेत वाकणारी. पण प्रत्येकाचं वजन बरोबर जमिनीवर पडतं. बांधकामाचं गणित आल्याशिवाय असा मोडका माणूस उभा राहत नाही. दिवाळी अंकांच्या पानांवर ही मंडळी आमच्या घरी यायची, आणि पावसाळ्यात त्यांच्यावर बुरशी चढायची. फडणिसांच्या कित्येक नायिकांच्या पदरावर आमच्याकडे जादाची नक्षी आहे.

बुरशीचा उल्लेख आला म्हणून सांगते. जून ते सप्टेंबर आंबोलीत शाईचं काम म्हणजे भांडण. कागद रात्रीतून फुगतो. काळी शाई वाळत नाही, पसरते. वीज जाते. पण एक सोय इथल्यासारखी कुठेच नाही. ॲनिमेशन शिकणाऱ्याला खालून उजेड येणारं काचेचं टेबल लागतं, आधीच्या चित्रावर कागद ठेवून पुढचं काढायला. आंबोलीत धुकं खिडकीला येऊन टेकलं की अख्खी काच सारखी पांढरी उजळते, कुठे सावली नाही, कुठे ऊन नाही. दोन कागद चिकटपट्टीने काचेवर लावायचे आणि उभ्याने काढायचं. मी मामांची चाल अशी काढली. एका पावलाला १२ चौकटी, म्हणजे सहा चित्रं. छत्री डावीकडे, मामा उजवीकडे. ती अजून जमलेली नाही. छत्री झुलते, पण मामा झुलत नाहीत, नुसते हलतात.

एक राग मात्र इतक्या वर्षांत गेला नाही. शाळेत चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांची तयारी चालायची. स्मरणचित्राला विषय होता, पावसातला बाजार. मी घोंगडीच्या खोळी घेतलेली माणसं काढली. खोळीतलं माणूस म्हणजे वर टोक, खाली फुगवटा, आणि त्याखाली दोन काड्या पाय. आमच्या बाजारात जुलैत खरोखर तसंच दिसतं, चेहरा कुणाचाच दिसत नाही, चालीवरून ओळखायचं. सरांनी कागदावर लाल रेघ मारली. कान कुठे, कोपर कुठे, हे काय कार्टून आहे? मी खोळी उतरवल्या, सगळ्यांना कान दिले. श्रेणी मिळाली. ते चित्र मी कधीच घरात लावलं नाही. सरांचं नाव लिहीत नाही, पण कान दिलेल्या त्या माणसांतलं एकही पावसात उभं नव्हतं, हे लिहिते.

आणि आता बेडूक. हा विषय माझ्या डोक्यात नव्हता. हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या कुंडातला मासा बघायला गेले होते. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी तो नवी जात म्हणून नोंदवला, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत तेजस ठाकरे आहेत, म्हणजे १९६० साली 'मार्मिक' काढणाऱ्या व्यंगचित्रकाराचा नातू. नातवाची नजर मात्र पाण्याखाली गेली. मासा मला दिसला नाही. परतताना झुडपात मलबारचा उडता बेडूक दिसला, हिरवागार, बोटांमध्ये तांबूस पडदे, फांदीला धरून बसलेला. हात बिनकोपराचे वाटावेत इतके मऊ वळलेले. मी वही काढली. पुढच्या पायाची बोटं काढायला लागले आणि मोजली. चार. बेडकाच्या पुढच्या पायाला चारच बोटं असतात, मागच्याला पाच. आयवर्क्सने डिस्नेला सोडून १९३० मध्ये पहिलं स्वतःचं पात्र काढलं ते 'फ्लिप' नावाच्या बेडकाचं. आयवर्क्स आंबोलीला आला असता तर परत गेला नसता.

तेव्हापासून मी अमेरिकन चित्रं समोर ठेवणं कमी केलं आहे. खोळ घेतलेली बाई, कॉलरला छत्री लावलेला माणूस, एसटीतून उतरून आधी आकाशाकडे आणि मग रस्त्याकडे पाहणारा पाहुणा, एवढ्यावर माझं भागतं. हल्ली संगणकावर एका बटणात चित्राला जुनेपणा आणता येतो : पिवळट छटा, ओरखडे, थरथर. ज्यांनी ती चित्रं काढली त्यांनी ओरखडे काढले नव्हते. त्यांना स्वच्छ रेघ हवी होती, आणि वेळ नव्हता.

बालवाडीची भिंत आता छापील फ्लेक्सने झाकली आहे. त्यावरचा मिकी अगदी बरोबर आहे. मोजे आहेत, बोटं चार आहेत. मुलं त्याच्याकडे पाहत नाहीत.

कुणाला जुन्या धाटणीचं पात्र काढायला शिकायचं असेल तर एवढंच सांगेन. मिकीपासून सुरुवात करू नका. तुमच्या बाजारात जा, चालीवरून ओळखू येणारं एक माणूस निवडा, त्याचं कोपर काढून टाका आणि तरी ते तेच राहतं का पाहा. बोटं चार काढा किंवा पाच. पण कुणी विचारलं तर मामांसारखं कारण सांगता आलं पाहिजे.