चप्पल मिलानला पोहोचली, चर्मकार कुठे आहे?

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीच्या फॅशन शोमध्ये मॉडेल्सच्या पायांत हुबेहूब कोल्हापुरी चपला दिसल्या आणि महाराष्ट्रात एकच गदारोळ उडाला. कंपनीने त्यांना नुसते लेदर सँडल म्हटले होते, कोल्हापूरचे नाव कुठेच नव्हते. मग काय, ज्यांच्या घरात चर्मकाराला आजही उंबऱ्याबाहेरच थांबवतात तेही 'आमची कोल्हापुरी' म्हणत समाजमाध्यमांवर छाती बडवू लागले. महाराष्ट्राची अस्मिता, कोल्हापूरचा वारसा, मराठी मातीचा अपमान! या सगळ्या ओरड्यात आम्ही एक शब्द शोधत होतो, तो क्वचितच सापडला. तो शब्द म्हणजे जात. चप्पल सगळ्या महाराष्ट्राची, पण ती शिवणारा हात कोणाचा हे सांगताना जीभ अडखळते.

मित्रांनो, चोरी झाली की नाही यावर पुष्कळ लिहून झाले आहे. आम्हाला दुसराच प्रश्न विचारायचा आहे. एखादा धंदा देशाबाहेर जातो तेव्हा नेमके काय बाहेर जाते? माल जातो, नाव जाते, की तो बनवणारा माणूसही जागचा हलतो?

ओरड झाल्यावर प्राडाने मान्य केले की प्रेरणा कोल्हापुरीचीच आहे. त्यांचे लोक कोल्हापुरात येऊन गेले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ती फेटाळली गेली, कारण भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय ज्यांच्या नावावर नोंदले आहे त्यांनीच दाद मागायला यायचे असते. आता हे मानांकन कोणाच्या नावावर आहे? कोल्हापुरीला ते २०१९ मध्ये मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्राचे चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकाचे चार जिल्हे त्यात येतात. मालकी दोन सरकारी महामंडळांकडे आहे. आपल्याकडचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ, म्हणजे लिडकॉम, आणि कर्नाटकाचे लिडकर. डिसेंबर २०२५ मध्ये या दोघांशी प्राडाचा करार झाला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातच २,००० जोड तयार होणार, एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो, आणि फेब्रुवारी २०२६ पासून जगभरातल्या ४० दुकानांत विक्री. कारागिरांना प्रशिक्षण देण्याचे, काहींना इटलीतल्या अकादमीत नेण्याचेही जाहीर झाले. वाईट नाही. पण हिशेब मांडून बघा. २,००० गुणिले ८०० म्हणजे १६ लाख युरो. एक जोड ऐंशी हजार रुपयांच्या वर. कोल्हापुरात चांगला जोड हजार-दीड हजारात मिळतो.

या मधल्या रकमेत सगळा आंतरराष्ट्रीय व्यापार बसलेला असतो. दुकानाचे भाडे, जाहिरात, वाहतूक, विमा, कर, आणि सगळ्यात मोठा वाटा नावाचा. कंपन्या परदेशात पसरतात त्या ठरलेल्या पायऱ्यांनी. आधी कुठल्यातरी निर्यातदारामार्फत माल पाठवायचा, मग थेट पाठवायचा, मग तिथे एजंट नेमायचा, मग भागीदारी, शेवटी स्वतःचे दुकान किंवा कारखाना. आपला चर्मकार शंभर वर्षे पहिल्या पायरीच्याही खाली उभा आहे, व्यापाऱ्याच्या ओसरीवर.

ही जागा त्याच्या नशिबाने आलेली नाही. दुसऱ्या एका चांभाराच्या घरातली गोष्ट बघा. टोमास बाटा. आपल्यातले निम्मे लोक बाटाला भारतीय कंपनी समजतात. हा माणूस मोराव्हियातल्या झ्लिन गावचा, पिढ्यान्‌पिढ्या जोडे शिवणाऱ्या घरातला. १८९४ मध्ये त्याने भाऊ आणि बहिणीबरोबर धंदा काढला. पहिल्या महायुद्धात सैन्याच्या बुटांनी तो वाढला. १९२२ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे चलन वधारले, निर्यात बसली, तेव्हा त्याने जोड्यांच्या किमती निम्म्यावर आणल्या आणि मजुरीही ४० टक्क्यांनी कापली. पुढे देशोदेशींनी आयातीवर जकाती वाढवल्या तेव्हा त्याने जकातीच्या भिंतीपलीकडेच कारखाने उभारायला घेतले. १९३१ मध्ये कोलकात्याजवळ कोन्नगरला सुरुवात झाली, मग बाटानगर वसले. बाटा काही संत नव्हता, मजुरी कापणारा भांडवलदार होता. पण चांभाराचा मुलगा बँकेत कर्ज मागायला गेला तेव्हा त्याच्या स्पर्शाने खुर्ची बाटली नाही. त्याच्या दुकानातून जोडे घेतले म्हणून कोणाचा धर्म बुडाला नाही. आपल्या चर्मकाराचे कसब त्याच्यापेक्षा काडीनेही कमी नव्हते. कमी होते ते भांडवल, पत, आणि समोरच्या खुर्चीत बसण्याचा अधिकार. हे तिन्ही जातीने हिरावले होते.

बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ चा, म्हणजे बाटाने किमती निम्म्यावर आणल्या त्याच्या पुढच्याच वर्षाचा. आपल्या अभ्यासवर्गांत तो फार कमी उघडला जातो, अवघड म्हणून बाजूला राहतो. त्यातला एक मुद्दा मात्र प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावा असा आहे. रुपया स्वस्त झाला की निर्यात वाढते आणि देशाचा फायदा होतो असे तेव्हा मोठमोठे लोक म्हणत. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा येतो कुठून? रुपया घसरला की वस्तूंचे भाव चढतात, मजुरी मात्र मागे रेंगाळते. म्हणजे निर्यातदाराच्या खिशात पडणारे पैसे परदेशातून आलेले नसतात, देशातल्याच एका वर्गाने दुसऱ्या वर्गाच्या ताटातून उचललेले असतात. शंभर वर्षांनंतर आजही कोणी 'निर्यात वाढली' असे म्हणाले की आमचा पहिला प्रश्न हाच असतो: मजुरी किती वाढली?

हाच प्रश्न एका वस्तीतल्या मावशीने आम्हाला आमच्याही आधी विचारला. आम्ही काही जण करार समजावून सांगायला गेलो होतो. मावशी वेणी घालत होत्या. चपलेच्या पट्ट्यावरची ती बारीक चामड्याची वेणी बहुतेक घरांत बायकाच घालतात, आणि 'कारागीर' म्हणून नाव मात्र पुरुषाचे लागते. सगळे ऐकून झाल्यावर त्या मान वर न करता म्हणाल्या, "ते प्राडा का फ्राडा, जोडीमागं किती देणार, तेवढं सांगा पोरांनो." आमच्याकडे आकडा नव्हता. त्याच वस्तीतून मागे एका व्यापाऱ्याने परदेशी ऑर्डर म्हणून तीनशे जोड उचलले होते. मापात फरक आहे असे सांगून त्यातले साठ परत पाठवले, आणि उरलेल्यांचे पैसे पाच महिन्यांनी, तेही तुकड्यातुकड्यांनी दिले. कागद काहीच नव्हता. कागद नसला की भांडायचे कशाच्या जोरावर?

इथे आमचेच काही मित्र आम्हाला अडवतात. बाबासाहेबांनी १९२७ ला महाडमध्ये मेलेली ढोरे ओढणे सोडा म्हणून सांगितले, आमच्या आजोबांनी ते सोडले, आणि तुम्ही परत चामड्याच्या गोष्टी करता? प्रश्न रास्त आहे. चर्मकाराच्या पोराने आरी-रापीच हातात धरावी असे आम्ही कधीच म्हणणार नाही. त्याने कलेक्टर व्हावे, प्राध्यापक व्हावे. 'पारंपरिक कला जपा' हा उपदेश करणाऱ्यांची मुले अमेरिकेत असतात, हेही आम्ही पाहतो. पण बाबासाहेबांनी नाकारली ती सक्ती, आणि त्या कामाला चिकटवलेली घाण व हीनता. आज या चपलेवर पैसा, पत आणि मान मिळू लागला असताना आपण तिच्याकडे पाठ फिरवली, तर चामडे कमावणारा ढोर आणि शिवणारा चर्मकार तिथेच राहील आणि निर्यातदाराची खुर्ची पुन्हा दुसऱ्याच कोणाला मिळेल. आणि खरे सांगायचे तर बौद्ध आणि चर्मकार यांच्यात राजकारणाने जी भिंत घातली आहे ती भाषणांनी पडत नाही. एकमेकांचे अर्ज भरून दिले तर थोडी हलते.

अर्ज म्हणजे हे. जीआयचा अधिकृत वापरकर्ता म्हणून प्रत्येक कारागीर स्वतःच्या नावाने नोंद करू शकतो. त्याची फी २०२० मध्ये ५०० वरून १० रुपये झाली. मावशीचीही स्वतंत्र नोंद होऊ शकते, नवऱ्याच्या नावाखाली नव्हे. निर्यातीसाठी लागणारा आयईसी क्रमांक पॅनकार्डावर, ५०० रुपयांत, ऑनलाइन मिळतो. डाकघर निर्यात केंद्रातून लहान पार्सलही परदेशी जाते. युरोपात चामड्यातल्या क्रोमियम सहाची मर्यादा किलोला ३ मिलिग्रॅम आहे, भल्याभल्या कारखान्यांचा माल तिथे अडकतो. कोल्हापुरीचे चामडे बाभळीची साल आणि हिरड्यावर कमावलेले असते, त्यात क्रोमियम वापरायचेच नसते. पण हे प्रयोगशाळेच्या दाखल्यासकट सांगणारा माणूस हवा. आणि युरोपीय संघाने १ डिसेंबर २०२५ पासून हस्तकलेच्या वस्तूंनाही भौगोलिक मानांकन द्यायला सुरुवात केली आहे, त्यात बाहेरच्या देशांतले उत्पादकही अर्ज करू शकतात. आपले मानांकन भारताच्या हद्दीपुरते आहे, मिलानमध्ये त्याचा धाक नाही. तो तिथे बसवायचा असेल तर तिथे नोंद हवी. अथणीत टोहोल्ड नावाने बायकांच्या बचत गटांनी चपला परदेशी पाठवून दाखवल्या आहेत, म्हणजे हे स्वप्नरंजन नाही.

आपल्यातले जे एमबीए, बीकॉम करून बसले आहेत, ज्यांना इंग्रजीत ईमेल लिहिता येतो, त्यांनी दर रविवारी दोन तास द्यावेत. मोर्च्याला येता तसे या.

आम्ही दरम्यान महामंडळाला माहिती अधिकारात अर्ज टाकतो आहोत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि चार प्रश्न. २,००० जोड कोणकोणत्या गावांत शिवले गेले? कारागिरांची निवड कोणी आणि कशी केली? त्यांत स्त्रिया किती? आणि जोडीमागे हातात किती रुपये पडले? उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. आले की इथेच छापू. नाही आले तर अपिलाचा मसुदा तयार आहे.