मुक्कामाची सोय

तीर्थस्वरूप आत्यास,


परवा फोनवर तू विचारलंस, "पैसे द्यायचेत तर सरळ द्यावेत की गं. त्यासाठी एवढा जीव कशाला दमवायचा?" लोकलमध्ये उभी होते, त्यामुळं उत्तर अर्धवट राहिलं. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं पुरतं उत्तर तुला मिळायला हवं. शिवाय मला तुझी एक परवानगी हवी आहे. ती फोनवर घाईघाईत मागण्यासारखी नाही.

आधी मी काय करणार आहे ते सांगते. पावसाळा सरल्यावर कोल्हापुरात ट्रायथलॉन आहे. राजाराम तलावात दीड किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन ओल्या अंगानं सायकलवर बसायचं, चाळीस किलोमीटर झाले की सायकल जागेवर लावून दहा किलोमीटर पळायचं. मधे थांबायचं नाही; बूट चढवायला लागतो तो वेळही घड्याळात धरतात. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, तो याच अंतरांचा. पोहणं पहिलं ठेवतात ते उगाच नाही. सायकल चालवणारा दमला तर उतरून कडेला बसेल, पळणारा चालायला लागेल. पाण्यात दमणं परवडत नाही, म्हणून ताज्या अंगानं तेवढं आधी उरकायचं.

पोहण्याची भीती मला नाही, ती तू आमच्या लहानपणीच घालवलीस. मे महिन्यात मळ्यातल्या विहिरीवर पाठीला रिकामा डबा बांधून ढकलायचीस आणि एक दिवस न सांगता डबा सोडायचीस. पण विहिरीत आपण डोकं वर ठेवून हात मारायचो. इथं ठाण्यात पोहण्याच्या सरांनी ते सगळं मोडून नव्यानं शिकवलं. तोंड पाण्यात ठेवायचं, श्वास पाण्यातच सोडायचा, मान वळवून तेवढाच घ्यायचा. पालिकेच्या तरणतलावात ते जमलं, कारण दर पंचवीस मीटरला भिंत येते, तळाशी काळी रेघ असते. मोकळ्या तलावात भिंत नाही, रेघ नाही, हिरवट पाण्यात स्वतःचा हातसुद्धा धड दिसत नाही. चार-सहा हात मारले की डोळे पाण्यावर काढून खुणेचा फुगा बघायचा, नाहीतर माणूस भलतीकडे निघतो. यासाठी वेगळा सराव लागतो आणि तो मला मनापासून आवडायला लागला आहे.

सायकल आणि पळणं यांचा जोडसराव मात्र अवघड आहे. सायकलवरून उतरून लगेच पळायला लागलं की पाय जड होतात, पावलं आखूड पडतात. तास-दीड तास पायांनी एकच गोल फेरा मारलेला असतो, त्यांना दुसरी चाल धरायला वेळ लागतो. येऊरचा चढ, तलावपाळीच्या फेऱ्या आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी यांवर सध्या माझ्या सकाळी चालल्या आहेत. घरचे सांभाळून घेतात.

रविवारी लांब सायकल असते. पहाटे ठाण्याहून निघते, हायवेनं शीव, पुढं दादर आणि परळ. परळला मी मुद्दाम जाते. टाटा हॉस्पिटलच्या बाजूनं जेरबाई वाडिया रोडवर वळलं की फुटपाथवर निजलेली माणसं दिसतात. वर ताडपत्री, उशाला तपासण्यांची फाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली, कुणाच्या शेजारी स्टोव्ह. बंगालची, बिहारची, उत्तर प्रदेशची, आपल्या विदर्भ-मराठवाड्यातलीही. एका पहाटे तोंडाला मास्क लावलेला पाच-सहा वर्षांचा मुलगा आईशेजारी उठून बसला होता आणि माझ्या सायकलचा लुकलुकणारा दिवा बघत होता.

या माणसांना हॉस्पिटलनं हाकललेलं नसतं, हे नीट समजून घ्यायला हवं. मेहेरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियानं गेल्या. पुढं टाटांच्या विश्वस्त संस्थेनं परळला कर्करोगाचं हे रुग्णालय उभारलं. २८ फेब्रुवारी १९४१ला ते सुरू झालं आणि १९६२पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे. तिथल्या निम्म्याहून जास्त रुग्णांवर मोफत किंवा नाममात्र खर्चात उपचार होतात. म्हणजे औषधाची वाट थोडीफार निघते. अडतं ते मुंबईत राहण्यापाशी.

मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग म्हणजे एक प्रकारचा ल्युकेमिया. त्याचे उपचार दोन ते अडीच वर्षं चालतात. पुरते केले तर मोठ्या केंद्रांत बहुतांश मुलं बरी होतात. पण केमोनं पांढऱ्या पेशी खाली येतात. अशा वेळी ताप चढला तर काही तासांत शिरेतून औषध सुरू व्हावं लागतं. ते मूल तेव्हा गावी असेल, हॉस्पिटलपासून रेल्वेच्या एका रात्रीवर, तर? आणि फुटपाथवर असेल तर ताप येण्याचीच शक्यता वाढते. स्वच्छ संडास, उकळलेलं पाणी, ताजं अन्न ही अशा मुलाच्या बाबतीत औषधाइतकीच गरजेची. बाप मजुरीवरून किती महिने दूर राहील? शेवटी घरचे मुलाला घेऊन परत जातात. आपल्यासारख्या देशांत बरी होऊ शकणारी मुलं जातात, त्याचं हे अर्ध्यावर सुटलेले उपचार एक मोठं कारण आहे. मला याचा संताप येतो. रोगाला इलाज आहे आणि खोलीवाचून मूल जातं, हे मला सोसत नाही.

म्हणून या ट्रायथलॉनच्या निमित्तानं जमवायचे पैसे मुक्कामासाठी. २००६ साली मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया ही संस्था अशा मुलांच्या कुटुंबांना उपचार चालू असेपर्यंत विनामूल्य राहायला देते. प्रत्येक कुटुंबाला आपली जागा, आईला स्वतः रांधायला स्वयंपाकघर, शिधा, हॉस्पिटलला जायला गाडी.

यातलं तुला काय सांगायचं? आप्पांच्या आजारपणात तू त्यांना घेऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलीस. रात्री त्यांना थंडी वाजून ताप भरला, तू टॅक्सी केलीस आणि थोड्याच वेळात टाटात पोचलीस, हे तू आम्हाला एकदाच सांगितलं आहेस. सांगलीला असता तर काय झालं असतं, ते तू बोलली नाहीस. आप्पांनी पुढं वीसएक वर्षं शेती पाहिली.

आता तुझा प्रश्न. आम्ही दरवर्षी चेक देतच होतो. त्यानं आमचे पैसे गेले, दुसऱ्या कुणाचे आले नाहीत. गाडगेबाबांचं मला फार वाटतं. स्वतःजवळ एक मडकं आणि खराटा, पण पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या त्या लोकांच्या पैशातून. आणि बाबा मागायच्या आधी काय करत? गावात शिरले की खराटा घेऊन गाव झाडायचे, रात्री कीर्तनाला उभे राहायचे. दिवसभर ज्याला राबताना पाहिलं त्याचं बोलणं लोक बसून ऐकत. मी त्यांच्या जवळपासही नाही, पण ती रीत मला पटते. मागणाऱ्यानं आधी स्वतःचं अंग झिजवावं.

तिकडं अमेरिकेतही वेगळं घडलेलं नाही. ब्रूस क्लेलँड या गृहस्थांच्या लहान मुलीला ल्युकेमिया झाला होता. १९८८ साली त्यांनी ३८ जणांची तुकडी न्यूयॉर्क मॅरेथॉनला उतरवली आणि ल्युकेमियाच्या संशोधनासाठी ३ लाख २२ हजार डॉलर जमवले. तिथून पुढं हजारो लोक याच रीतीनं पळत, पोहत आले. मलाही थोडा अनुभव आला आहे. ऑफिसात नुसतं "मदत करा" म्हटलं की लोक एकदा देतात आणि विषय मिटतो. आता दर सोमवारी कुणीतरी विचारतं, "काल किती झालं?" मी परळचं सांगते. महिनोन् महिने ही गोष्ट लोकांच्या कानावर राहते, आणि देणारे आपल्या भावाला, शेजाऱ्याला घेऊन येतात.

दोन नियम मी ठरवले आहेत. स्पर्धेची फी, सायकल, प्रवास, सगळं माझ्या पगारातून. लोकांचा रुपया माझ्या खात्यात येणार नाही. ते थेट संस्थेला देतील आणि पावती घेतील. दुसरं म्हणजे, केस गेलेल्या, रडणाऱ्या मुलाचा फोटो मी मदतीच्या आवाहनात लावणार नाही. तो लावला की पैसे लवकर येतात असं दोघातिघांनी सांगितलं. येत असतील. पण त्या मुलाला कुणी विचारलेलं नसतं, आणि उद्या ते बरं होऊन शाळेत जाणार आहे.

फोटोऐवजी मला तुझं लिहायचं आहे; परवानगी हवी ती यासाठी. आप्पांचा आजार नको. तू त्या धर्मशाळेत राहून काय काय केलंस ते. पहाटे नळावरची रांग, पथ्याचा मऊ भात, शेजारच्या खोलीतल्या बंगाली बाईला तू शिकवलेली भाकरी, आणि ती तापाची रात्र. मुक्काम जवळ असला की माणूस कसा वाचतो हे त्याहून स्पष्ट मला मांडता येणार नाही. नाव घालणार नाही, गाव घालणार नाही. लिहिलेलं आधी तुला पाठवीन. नको म्हणालीस तर तो मजकूर निघेल आणि बाकीचं आवाहन तसंच जाईल. माझा रुसवा नसेल, हे नक्की धर.

कोल्हापूरला यायचं मनात असेल तर दादाला सांग, आदल्या दिवशीच निघा. सकाळी लवकर सुरुवात असते आणि काठावर बसायची सोय यथातथाच, तेव्हा घडीची खुर्ची आणि टोपी घ्या. गुडघा दुखत असेल तर येऊ नकोस, मी दुसऱ्या दिवशी सांगलीला येतेच आहे.

तुझी,
सुमी