काला अंबहून शहराकडे



आपल्याकडे 'पानिपत' हे कोणी गाव म्हणून उच्चारतच नाही. मॅच हरली, निवडणुकीत आपटले, की 'पानिपत झालं' म्हणायचं. त्यामुळे दिल्लीकडे पोस्टिंग आलं की मराठी जवान सुट्टीचा एखादा दिवस काढून काला अंबला जातो. बाग, विटांचा स्तंभ, 14 जानेवारी 1761 ची लढाई. रक्ताने माती आणि आंबा काळा पडला, अशी दंतकथा. डोकं टेकवायचं, चिमूटभर माती रुमालात बांधायची आणि थेट दिल्लीची बस धरायची.

माझं म्हणणं एवढंच, की दिल्लीला परतण्याआधी सात-आठ किलोमीटरवरचं पानिपत शहरही बघा.

हे शहर जगभरातल्या जुन्या कपड्यांवर जगतं. युरोप-अमेरिकेत टाकून दिलेले स्वेटर, कोट, मफलर जहाजाने कांडला बंदरात उतरतात आणि ट्रकने इथे येतात. गोदामात बायका बसून बटणं, चेन, अस्तर कापून काढतात आणि कपडे रंगानुसार वेगळे करतात. लाल एकीकडे, निळे एकीकडे, हिरवे तिसरीकडे, असे माणसाच्या डोक्यावर जाणारे ढीग. आपल्या रंगपंचमीत एवढ्या छटा नसतील! ही निवड शोभेसाठी नसते. रंग आधीच जुळवले की सूत पुन्हा रंगवावं लागत नाही. पाणी आणि खर्च दोन्ही वाचतात. मग कपडे पिंजून त्याचं सूत होतं आणि सुताची कंबलं. भूकंप-पुरात मदत म्हणून वाटली जाणारी कितीतरी कंबलं इथलीच असतात.

फौजेतली बराक कंबलंही इथे बनतात. टोचणारं, जड, करडं कंबल. रंगरूट असताना त्याची घडी काटकोनात बसली नाही की उस्ताद काय म्हणायचे, ते इथे लिहिता येणार नाही. पण वरच्या पोस्टवर रात्री हाडं गोठायला लागली की तेच आईच्या गोधडीसारखं वाटायचं.

सगळं गोड आहे असं नाही. पिंजणीच्या यंत्रांजवळ हवेत तंतू तरंगतात आणि तोंडाला नुसता गमछा बांधून माणसं काम करतात. फुफ्फुसं त्यांचीही आपल्यासारखीच. बघायला जाल तेव्हा तेही बघा.

या शहराच्या हातमागाला बळ दिलं ते फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून उखडून आलेल्या विणकरांनी. त्यांनी इथे पुन्हा माग लावले. आज त्याच भागात इंडियन ऑइलच्या कारखान्यात भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनतं; तो 2022 साली सुरू झाला. जे बाकीचे टाकतात किंवा शेतात जाळतात, त्याचं काहीतरी करणारं हे गाव.

भाऊसाहेबांची फौज इथे कोंडली गेली ती ऐन थंडीत. रसद तुटली होती, माणसं-जनावरं उपाशी होती. तलवारीइतकीच भुकेने आणि थंडीने ती लढाई ठरवली, हे कुठल्याही फौजीला कळतं. त्याच मातीवर आज रात्रंदिवस ऊब विणली जाते. शहिदांचा मान याने कमी होत नाही. मला तर तो वाढतो असंच वाटतं.

तेव्हा काला अंबला जाल तर माती जरूर घ्या. आणि बाजारातून एक कंबलही घ्या, गावाकडे आजीला पांघरायला.