नाडीच्या वळाखालचा कर्करोग

सत्तरीची एक बाई. उजव्या कुशीला झालेली जखम दीड वर्ष भरत नव्हती आणि भोवतालच्या कातडीचा रंग उडत चालला होता. नऊवारीच्या आत परकर, आणि त्याची नाडी रोज त्याच जागी करकचून बांधलेली. तुकडा काढून तपासला तेव्हा निघाला त्वचेचा कर्करोग. साठी उलटलेली दुसरी बाई चाळीस वर्षं परकराशिवाय घट्ट लुगडं नेसत आलेली. तिची जखम दोन वर्षांची होती आणि रोग जांघेतल्या ग्रंथीपर्यंत पोचला होता. वर्धा आणि मधुबनी इथल्या डॉक्टरांनी या दोघींची हकीकत नोव्हेंबर २०२४ मध्ये 'बीएमजे केस रिपोर्ट्स'मध्ये मांडली.

बातमी आली तेव्हा अनेकांना हे नवलाचं वाटलं. पण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्येच धोतर कर्करोगाची नोंद केली होती. धोतराची गाठ जिथे रोज आवळली जाते, तिथेच तो होत होता. काश्मीरमध्ये फेरन या सैल अंगरख्याखाली निखाऱ्यांची कांगडी धरणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर होणारा कर्करोग तर एकोणिसाव्या शतकापासून डॉक्टरांना माहीत आहे. उन्हाचा यात कुठेच संबंध नाही.

नाडी अरुंद असते, त्यामुळे सगळा ताण बोटभर पट्ट्यावर येतो. त्यात घाम, ओल, धूळ. आधी खाज सुटते, मग कातडी काळवंडते किंवा पांढुरकी पडते, खवले धरतात, चीर पडते. चीर भरत आली की दुसऱ्या दिवशी नाडी पुन्हा तिथेच. वर्षानुवर्षं डागडुजी करत राहिलेल्या पेशी एखाद्या वेळी ताळतंत्र सोडतात. जुन्या भाजल्याच्या व्रणातही असंच घडतं, आणि फ्रेंच शल्यविशारद मार्जोलिन यांनी अशा व्रणांचं वर्णन १८२८ मध्ये केलं होतं. हे क्वचितच घडतं, हेही स्पष्ट सांगायला हवं. कमरेवरचा प्रत्येक वळ म्हणजे कर्करोग नव्हे.

त्वचेचा कर्करोग ऊन न लागणाऱ्या इतर जागीही होतो, पण तिकडे लक्ष जात नाही. बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये त्वचारोगतज्ज्ञाकडे येणारे तरुण बहुतेक वेळा चेहऱ्याचं विचारतात: सनस्क्रीन कोणतं, डाग कसे जातील. तळपाय दाखवायला कुणी मोजे काढत नाही. आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिन उन्हापासून बऱ्यापैकी राखण करतं, म्हणूनच भारतीयांमध्ये मेलॅनोमा हा घातक प्रकार एकूण कमी. पण होतो तेव्हा तो बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. गायक बॉब मार्ली यांना १९७७ मध्ये तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली निघाला. ११ मे १९८१ रोजी ते गेले तेव्हा छत्तीस वर्षांचे होते.

नखावरची काळी रेघ नीट बघावी. सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर बारीक तपकिरी रेघा असतात आणि त्या निरुपद्रवी असतात. एकाच नखावर नव्याने उमटलेली, रुंदावत जाणारी, कडा फिसकटलेली रेघ मात्र वेगळी. तिचा काळा रंग नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर उतरला असेल तर एक दिवसही थांबू नये. ठेच लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. मेलॅनोमाची रेघ मुळाशी तशीच राहते.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती ट्यूबची. औषधाच्या दुकानात 'खाजेचं मलम' मागितलं की बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं मलम हातात पडतं. लाली ओसरते, खाज थांबते, आणि बरं वाटतंय म्हणून महिने निघून जातात. वर्ध्याच्या अहवालातल्यासारख्या जखमेचा निकाल मलमाने लागत नाही, बायोप्सीनेच लागतो. जागा बधिर करून कातडीचा छोटा तुकडा काढायचा, काही मिनिटांचं काम.

आईला, आजीला लुगडं सोडायला सांगायची गरज नाही. परकराला नाडीऐवजी रुंद पट्टा शिवून घ्या, गाठ रोज थोडी वर-खाली बांधा, घरात सैल कपडे घालू द्या. नरक चतुर्दशीला तेल लावताना त्यांची कंबर, तळपाय आणि नखं उजेडात बघून घ्या. महिनाभरात न भरलेली जखम दिसली, तर भाऊबीज होताच त्यांना त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन जा आणि बायोप्सीचं स्वतःहून विचारा.