तोंडातले टाके : विरघळणारे की काढायचे?

दात काढल्यावर किंवा इम्प्लांट बसवल्यावर टाके घालणं हे माझं काम नाही, मी फिजिशियन. पण त्याआधी शुगर-बीपीच्या फिटनेससाठी रुग्ण माझ्याकडे येतात आणि उठता उठता हमखास विचारतात, "डॉक्टर, विरघळणारेच टाके घालायला सांगू ना?"

विरघळणारे म्हणजे चांगले, हा समज अर्धाच खरा आहे.

तोंडात पूर्वीपासून वापरला जाणारा धागा म्हणजे काळं रेशीम. मऊ, स्वस्त, गाठ पक्की बसते, टोकं जिभेला टोचत नाहीत. पण तो अनेक तंतूंचा विणलेला धागा. झाई-बोर्डीच्या कोळी बांधवांना हे सांगायला नको : सुताची दोरी पाणी पिते, तंगूस पीत नाही. रेशमात लाळ आणि जंतू तसेच मुरतात. म्हणून तो साधारण सात ते दहा दिवसांत काढावाच लागतो.

डहाणू गावातल्या माणसाला आठव्या दिवशी परत येणं सोपं. तलासरीच्या पाड्यावरून येणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. कुणी तोवर वापी-उंबरगावला कामावर गेलेला असतो. महिनाभर रेशमाचे टाके तसेच ठेवून "तोंडाला वास येतो" म्हणत आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. अशा माणसाला दात काढल्यावर विरघळणारा धागाच घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण विरघळणाऱ्यातही फरक आहे. कॅटगट गुरांच्या किंवा मेंढ्यांच्या आतड्यापासून बनतो. मांजराशी त्याचा संबंध नाही. कडक शाकाहारी असाल तर आधीच सांगा. (रेशीमही किड्याचंच, हेही लक्षात असू द्या.) साधा कॅटगट तोंडात काही दिवसांतच ढिला पडतो. दात काढलेल्या जागी तेवढं पुरतं. इम्प्लांटसोबत हाडाची पावडर भरली असेल, तर हिरडी दोन आठवडे किंवा जास्तही घट्ट मिटलेली राहायला हवी. तिथे तो कमी पडतो.

पॉलिग्लॅक्टिन, म्हणजे व्हिक्रिल, हा कृत्रिम धागा. त्याची ताकद तीन-चार आठवड्यांत संपते, पण पूर्ण विरघळायला 56 ते 70 दिवस लागतात. त्यामुळे महिन्यानंतर धागा दिसला तर घाबरू नका, ओढूही नका. लवकर विरघळणारा प्रकारही मिळतो. इम्प्लांटसाठी अनेक दंतवैद्य पीटीएफई वापरतात. नॉनस्टिक तव्याला असतो त्याच जातीचा पदार्थ. मऊ, एकेरी, घाण कमी धरणारा. महाग आहे, आणि काढायला यावंच लागतं.

शुगर वाढलेली असेल किंवा मिश्री, तंबाखू चालू असेल, तर कुठलाही भारी धागा घाला, जखम रेंगाळते. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, आधी विचारा.

हल्ली फिटनेसच्या चिठ्ठीवर मी शुगरच्या आकड्याखाली आणखी एक ओळ लिहितो : "रुग्ण लांबच्या पाड्यावरून येतो, टाके काढायला येणं कठीण." ती वाचून काही दंतवैद्य फोन करतात, आणि धागा कोणता ते आम्ही बोलून ठरवतो.