मोटर उलटी फिरत असेल तर

'मी कोण होणार' या निबंधात टेक्निकल रायटर व्हायचंय असं कुणी लिहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. डॉक्टर होतात, कलेक्टर होतात, हल्ली यूट्यूबरही होतात. पण यंत्राबरोबर खोक्यातून येणारं ते पातळ पुस्तक कुणीतरी बसून लिहीत असेल आणि त्याचा त्याला पगारही मिळत असेल, हे मुलांच्या काय, मास्तरांच्याही मनात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. ती पुस्तकं मात्र माझ्या हातात फार लवकर पडली.

सांगलीत अण्णांचं पंपांचं दुकान होतं. पुढे मोटरी, स्टार्टर, पाइप, फूटव्हॉल्व्ह. मागे रिवाइंडिंगचं टेबल आणि व्हार्निशचा वास. कृष्णाकाठच्या गावांतून गिऱ्हाईक यायचं. खोकं दुकानातच फोडलं जायचं आणि आतून प्लॅस्टिकच्या पिशवीतली इंग्रजी पुस्तिका निघायची. ती गिऱ्हाइकाकडून अण्णांकडे यायची आणि अण्णांकडून माझ्याकडे, कारण घरात इंग्रजी त्यातल्या त्यात मला यायचं.

"पोरी, काय ल्हिवलंय बघ जरा ह्यात."

मी इमानाने पहिल्या पानापासून सुरू करायचे. पहिल्या पानावर पंप घेतल्याबद्दल अभिनंदन असायचं. मग कंपनीची थोरवी, मग सुरक्षिततेच्या सूचना. तोवर समोरचा माणूस चुळबुळायला लागायचा. "ते ऱ्हाऊ दे गं. मोटर फिरतीया, पर पानी म्हणावं तसं येईना. त्याचं काय दिलंय?" ते शेवटून दुसऱ्या पानावर असायचं. तीन रकान्यांचा तक्ता: बिघाड, कारण, उपाय. फूटव्हॉल्व्ह गळतोय, पाइप कुठेतरी हवा घेतोय, किंवा मोटर उलटी फिरतेय. थ्री-फेज मोटर उलटी फिरत असेल तर मेन स्विच बंद करायचा आणि तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करायची. एवढाच उपाय, एका ओळीचा. पण ती ओळ पोचली नाही म्हणून माणूस रात्रपाळीची वीज वाया घालवून, एसटी धरून सांगलीपर्यंत आलेला असायचा.

बरं, उलटी फिरतेय हे ओळखायचं कसं? 'बाणाची दिशा पाहा,' असं पुस्तिका म्हणायची. बाण कुठे आहे, ते म्हणायची नाही. तो पंपाच्या केसिंगवर ओतीव असायचा आणि रंगाच्या थराखाली बुजून गेलेला असायचा. अण्णा नखाने रंग खरवडून दाखवायचे. मग मी वहीच्या पानावर मराठीत लिहून द्यायला लागले: बाण कुठे आहे, तो दिसला नाही तर काय करायचं, वायर बदलण्याआधी काय बंद करायचं. चित्र काढायचे, तेही बरं यायचं. अण्णा तो कागद खोक्यात टाकायचे. काही महिन्यांनी एखाद्या विहिरीवर गेले की तो स्टार्टरच्या झाकणाला आतून चिकटवलेला दिसला, असं सांगायचे. माझं पहिलं प्रकाशित लेखन ते.

आमच्या जिल्ह्याला या धंद्याचा एक जुना वारसा आहे, हे फार उशिरा ध्यानात आलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना वसवला आणि लोखंडी नांगर करायला घेतले. लोखंडाने जमीन नासते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत. नांगर करणं एक वेळ सोपं, पण ही समजूत काढायची कशी? १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. ते मुळात कारखान्याचं पत्रक होतं. पुढे त्याचं 'किर्लोस्कर' मासिक झालं. वाङ्मयाच्या इतिहासात त्या मासिकाच्या कथा, लेख, चित्रं यांबद्दल पानंच्या पानं आहेत. मला मात्र त्याचा उगमच जास्त भावतो. एवढं मोठं मासिक जन्मलं ते कारखान्याला आपल्या गिऱ्हाइकाशी बोलायचं होतं म्हणून.

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, पुण्याला आले, आणि कुणीतरी 'जर्मन कर, नोकरी लागते' म्हणालं म्हणून रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनच्या वर्गाला बसले. तेव्हा तिथे अर्धं पुणं याच आशेने बसलेलं असायचं. २००० च्या आसपासची गोष्ट. रविवारच्या पेपरात चौकटीतली जाहिरात आली: टेक्निकल रायटर पाहिजेत, कुठल्याही शाखेचे पदवीधर चालतील. 'कुठल्याही शाखेचे' हे वाचून मी अर्ज केला. हुद्द्याचा अर्थ मला माहीत नव्हता.

परीक्षेत एकच प्रश्न होता. चहा कसा करायचा ते लिहा, आणि वाचणाऱ्याने आयुष्यात चहा पाहिलेला नाही असं समजा. माझ्या शेजारी संस्कृतमध्ये एम.ए. झालेली मुलगी होती, तिने चहाच्या सुगंधावर सुरेख परिच्छेद लिहिला. पलीकडच्या इंजिनिअरने उकळबिंदूपासून सुरुवात केली. मी गॅसच्या बटणापाशी अडकले. ते आधी दाबायचं आणि मग फिरवायचं, हे हाताला ठाऊक असतं. कागदाला कसं सांगणार? बाणाची आठवण झाली. अर्धं पान त्या बटणावरच गेलं, साखरेपर्यंत पोचायला वेळच उरला नाही. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी बाकीच्या पेपरांतल्या 'साखर चवीनुसार'खाली लाल रेघा मारल्या होत्या. कुणाच्या चवीनुसार, असं त्या विचारत होत्या.

हा प्रश्न मराठीत कमलाबाई ओगल्यांनी त्याच्या कितीतरी आधी सोडवून ठेवला होता. 'रुचिरा' १९७० मध्ये आली. तिच्यातली मापं वाटीची आणि चमच्याची, म्हणजे वाचणारीच्या हाताशी असलेली. परक्या गावात नवा संसार मांडलेल्या किती मुली त्या पुस्तकावर निभावल्या! समीक्षकांची हरकत असेल, पण माझ्या मते मराठीतलं सर्वांत यशस्वी तांत्रिक लेखन 'रुचिरा' आहे.

नोकरी लागली. आमच्या टीममध्ये होमिओपॅथी सोडून आलेला डॉक्टर होता, नौदलातून निवृत्त झालेले एक काका होते, मुलं शाळेत जायला लागल्यावर परत कामाला निघालेल्या दोघी होत्या, वर्तमानपत्रातला मुद्रितशोधक होता, आणि ती संस्कृतवालीही होती. तिने चहातला सुगंध गाळून पेपर पुन्हा लिहून दिला होता. संस्कृत व्याकरण केलेल्या माणसाला सूत्र आखूड ठेवायला शिकवावं लागत नाही. सगळे आडवाटेने आलेले. मी कुतूहलापोटी प्रत्येकाला विचारत गेले, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या घरी एक गोष्ट सारखी निघाली. नवीन मिक्सर आला, बँकेचा फॉर्म आला, सरकारी पत्र आलं की तो कागद यांच्याच हातात दिला जायचा.

या पेशाचे पूर्वज पाहिले तर तेही असेच. चॉसर म्हणजे इंग्रजी कवितेचा आद्य पुरुष, पण त्याने १३९१ मध्ये ॲस्ट्रोलेब हे ग्रहताऱ्यांचे वेध घेण्याचं उपकरण कसं वापरायचं ते लिहिलं, आपल्या दहा वर्षांच्या लुईस नावाच्या मुलासाठी. त्याला लॅटिन पुरेसं येत नव्हतं, म्हणून इंग्रजीत. १९४९ मध्ये बायनॅक संगणकाची पुस्तिका लिहिणारा जोसेफ चॅपलीन हा ऑर्गन वाजवणारा गृहस्थ. संगणकाची पहिली वापर-पुस्तिका म्हणून तिचं नाव घेतलं जातं.

नियम पुढे शिकता येतात. विमानदुरुस्तीच्या पुस्तिकांसाठी एक बांधीव इंग्रजी ठरवून दिलेलं आहे. त्यात कृतीचं वाक्य वीस शब्दांपलीकडे जाऊ द्यायचं नाही आणि एका वाक्यात साधारण एकच काम सांगायचं. हे कुणीही महिन्याभरात शिकतो. अवघड आहे ते न कळण्याचं भांडवल टिकवणं. नव्या माणसाला उत्पादन कळत नाही, म्हणून तो नेमका वाचक जिथे अडणार तिथेच अडतो. दोन वर्षांत त्याला सगळं समजतं, इंजिनिअर त्याला आपला मानायला लागतात, आणि तो 'बाणाची दिशा पाहा' असं लिहून मोकळा होतो. बढतीही नेमकी तेव्हाच मिळते, हा आमच्या धंद्यातला विनोद.

विनोद म्हणतेय खरी, पण किरणोपचाराच्या थेरॅक-२५ या यंत्राची हकिकत मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते. १९८६ मध्ये टेक्ससमधल्या टायलर गावी त्याच्या पडद्यावर 'मालफंक्शन ५४' उमटलं. पुस्तिकेत त्या आकड्याचा खुलासा नव्हता. असे संदेश एरवीही सारखेच येत, म्हणून चालवणारीने पुढे जाण्याची कळ दाबली. रोग्याला किरणांचा भयंकर जास्त डोस बसला. पुढच्याच महिन्यात तिथेच तसंच पुन्हा घडलं. दोघेही दगावले. मूळ चूक सॉफ्टवेअरची होती, हे खरं. तरी बिघाड, कारण, उपाय या तक्त्यातली ती एक ओळ मला त्या खोलीत हवी होती.

आता मसुदे एआय पाडतं, आणि बरे पाडतं. आमच्या व्यवसायाची अमेरिकेतली जुनी संस्था, सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन, २०२५ च्या जानेवारीत बंद झाली. कॉलेजची मुलं विचारतात, मॅडम, आता या क्षेत्रात यावं का? मी ठाम उत्तर देत नाही. मुलाखती मात्र अजून घेते.

अलीकडे घेतलेली मुलगी मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स होती. इंग्रजी जेमतेम, सॉफ्टवेअरचा गंध नाही. वरिष्ठांनी भुवया उंचावल्या. सलाइनमधून औषध सोडणाऱ्या पंपाची पुस्तिका चालली होती. बैठकीत अलार्मचं पान आलं आणि तिने हात वर केला. "सर, रात्री पेशंट झोपलेला असतो, म्हणून आम्ही अलार्म म्यूट करतो. म्यूट केल्यावर औषध चालूच राहतं की थांबतं?"

एक इंजिनिअर म्हणाला, चालू राहतं. दुसरा त्याच वेळी म्हणाला, थांबतं. अर्ध्या तासाची बैठक दुपारभर चालली.